प्रबोधचा दात

शनिवारी सकाळी निशिगंधा खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवरून दोन रोटी प्राटा आणि पिशवीत बांधलेली करी घेऊन लिफ्टमध्ये शिरली, आणि आठव्या मजल्याच्या आसपास तिला आठवलं, की काल रात्री आपण परी व्हायचं विसरलो.

म्हणजे झालं होतं असं. सात वर्षांच्या अनुयाचा खालचा दात शुक्रवारी शाळेत पडला. तिच्या वर्गातल्या सगळ्यांकडे दातांची परी येते. उशीखालचा दात रात्रीतून नेते आणि बदल्यात काहीतरी ठेवून जाते. मग सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या ह्या जुन्या फ्लॅटमध्येही ती येऊ लागली. पहिल्या दाताच्या वेळी अनुयाचा बाबा रुचिर परी झाला होता. एवढा सहा फुटी गडी, चवड्यांवर चालत लेकीच्या खोलीत गेला होता! काल रात्री मात्र तो तुआसला ड्यूटीवर, त्यामुळे पाळी निशिगंधाची. तिने स्टिकर्सचं पाकीट आणूनही ठेवलं होतं. पण पाया लेबारच्या ऑफिसातलं महिनाअखेरचं काम उरकून ती घरी आली, जरा पाठ टेकली, आणि परी सकाळपर्यंत घोरत पडली.

ती घरात आली तेव्हा अनुया पलंगावर बसली होती. दात तिच्या तळहातावर होता.

"परी आली नाही का गं?" निशिगंधाने साळसूदपणे विचारलं.

"आला ना. पण फेअरी नाही लाह, आई. बॉय होता. त्याला माझा टूथ नकोय," अनुया तिच्या शाळेतल्या सिंगापुरी सुरात म्हणाली.

पोरगी आपली अब्रू राखतेय, असं वाटून निशिगंधाला भरून आलं. तिने विचारलं, "मग काय हवंय त्याला?"

"त्याचाच हवाय. त्याने विचारलं, ताईने टाकला का?"

करीची पिशवी निशिगंधाच्या हातात तशीच राहिली. ह्या घरात ताई कुणीच नव्हतं. अनुया एकुलती एक, आणि शेजारच्या मोठ्या मुलीला ती चिनी पद्धतीने 'जे जे' म्हणायची. निशिगंधाला ताई म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि त्याचं नाव ह्या घरात कधीच निघालं नव्हतं. रुचिरसमोरसुद्धा नाही.

बाहेर अंधारून आलं. सिंगापूरला सकाळची वादळं अशीच येतात, न विचारता. दिवा लावायला म्हणून तिने हात वर केला, पण लावला नाही.

निशिगंधाच्या लहानपणीच्या, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरला उतरतं कौलारू छप्पर होतं, अंगणात उभं राहून चेंडू टाकला तरी वर पोचेल इतकं बुटकं. पडलेला दात शेणाच्या गोळीत घालायचा आणि कौलांवर भिरकावायचा. जुना दात उंदीरमामाने न्यायचा आणि नवा आणून द्यायचा, असा सगळा चोख व्यवहार. निशिगंधाचे दात आईने टाकले होते. धाकट्या प्रबोधचा पहिला दात पडला तेव्हा आईला ताप होता. "ताई टाकेल रे तुझा," असं म्हणून तिने तो निशिगंधाच्या हाती दिला. निशिगंधा नऊ वर्षांची होती. बाहेर लगोरी रंगात आली होती, आणि शेणात हात घालायचा तिला कंटाळा आला. तिने दात फ्रॉकच्या खिशात टाकला. फ्रॉक धुवायला गेला, आणि दातही गेला.

"टाकलास ना गं ताई?" प्रबोध रोज विचारायचा. पडलेल्या दाताच्या फटीतून त्याच्या प्रत्येक 'स'ची शीळ व्हायची.

"हो रे बाबा, टाकला."

तो आरशात बघायचा, फटीत बोट घालायचा आणि वाट पाहायचा. दोन महिन्यांनी विषमज्वराने तो गेला. तोवर नवा दात आलाच नव्हता.

दाताचा आणि तापाचा काही संबंध नाही, हे निशिगंधाला चांगलं कळत होतं. नऊ वर्षांच्या मुलीला मात्र ते कधीच पटलं नाही, आणि ती मुलगी अजून तिच्यात होती.

"आई," अनुया हळूच म्हणाली, "तो अजून आहे. तिथे."

तिने कपाटाशेजारच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे दप्तर होतं, पंखा होता, आणखी काही नव्हतं. पण खोलीत शेणाचा ओला वास येत होता, अकराव्या मजल्यावर, खिडक्या बंद असताना. आणि पावसाच्या आवाजाखाली... अगदी बारीक... कुणीतरी दातांच्या फटीतून श्वास घेत होतं.

निशिगंधाने करीची पिशवी खाली ठेवली. ती पलंगाच्या कडेवर बसली. लेकीला उचलून पळावं, असं तिला वाटलं. पण त्याहून जास्त, लाज वाटावी इतकं जास्त, त्याने एकदा हाक मारावी असं वाटत होतं.

"प्रबोध..." ती कोपऱ्याकडे वळली. "नाही टाकला रे. खोटं बोलले मी तुझ्याशी. हरवला तो... माझ्याकडून. आता कुठून आणू?"

शीळ थांबली. अनुया मान कलती करून ऐकत राहिली, वर्गात बाईंचं ऐकावं तशी.

"काय म्हणतो?" निशिगंधाने विचारलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. "रागावलाय का गं माझ्यावर?"

"नाही. नॉट अँग्री." अनुयाने आणखी क्षणभर कान दिला. मग तिचा चेहरा खुलला, कोडं सुटल्यासारखा. "तो म्हणतो, ताईचा चालेल."

निशिगंधाला आधी हसूच आलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिला ताई म्हटलं होतं. मग नकळत तिची जीभ खालच्या दातांकडे गेली, आणि मधला एक दात अलगद, अजिबात न दुखता, पुढे झुकला.