पाषाणभेदाचे आमंत्रण

कातळगडाचे वृद्ध वैद्य धुंडिराजशास्त्री यांना एकवीस दिवसांपूर्वी एक खलिता आला होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी दिले नव्हते. गडाला वेढा घालून बसलेल्या हैबतराव डुबलाने तो बाणाला बांधून त्यांच्या औषधांच्या झोपडीवर टाकला होता: किल्लेदाराच्या काढ्यात विष कालवा, दोन गावे इनाम देऊ. शास्त्रीबुवांना होकार द्यायचा नव्हताच; पण नकार कोणत्या शब्दांत लिहावा या विचारात त्यांनी कागद पोथीत ठेवला, आणि पुढे भीतीने तोंडही उघडले नाही.

आज, पूर्वेचा कडा उजळत असता, हवालदार माणकोजी गायकर पोथीत सापडलेला तोच कागद नाचवीत किल्लेदारांच्या बिछान्याशी उभा होता. विठोजीराव पालांडे मूतखड्याने तळमळत होते. दोन दिवस लघवी अडली होती. ते गेले तर गड गेला, हे शिबंदीतला पोरसवदा शिपाईही जाणत होता.

"सरकार, हा म्हातारा फितूर! काल सांजेला चोरदिंडीखाली उतरून याने कड्यावर पिवळा दोरा बांधला. गनिमाला वाटेची खूण!"

"खूण नव्हे, हवालदार," शास्त्रीबुवा अडखळले. "वनस्पती खणण्याआधी आदल्या सांजेस हळदीचा दोरा बांधून, अक्षता वाहून तिला आमंत्रण द्यावे लागते. तो खडा फोडणारा पाषाणभेद आहे. कोठीतला संपला."

"झाडाला आमंत्रण, आणि गनिमाला जेवायला बोलावणार केव्हा?"

विठोजीरावांनी ओठ चावून कळ गिळली. "पत्र का दडवलेत?"

"घाबरलो, सरकार."

"जा. मुळी आणा. माणकोजी, तटावर बंदुकीची जामगी शिलगावून उभे राहा. खालच्यांनी यांना अभय दिले, तर तुम्ही देऊ नका."

कमरेला दोर बांधून शास्त्रीबुवा कपारीशी उतरले. खालून एकही गोळी आली नाही. उलट गनिमाचा एक जमादार हसून ओरडला, "या, शास्त्रीबुवा! उत्तर आणलेत ना?"

वर माणकोजीने बंदूक रोखली. शास्त्रीबुवांनी दोऱ्याला नमस्कार केला आणि कपारीतली मुळी खणू लागले. जमादाराने पुन्हा हाक दिली. तिसऱ्या हाकेला त्यांनी मुळी उपरण्यात घट्ट बांधली, मान वळवली, आणि जन्मात काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढला:

"धन्याला सांगा, आमच्या रोग्याला लघवी झाली, की उत्तर धाडतो!"

खालून एकदम पाच बंदुका कडाडल्या. एक गोळी त्यांच्या उजव्या खांद्यात शिरली. माणकोजीने जामगी पायाखाली चिरडली आणि स्वतः दोर ओढायला घेतला. "मरू नका, भटजी! काढा कोण करणार, मी?"

पाषाणभेद आणि गोखरूचा काढा सकाळपासून पोटात जात राहिला. तिसऱ्या प्रहरी किल्लेदारांची किंकाळी सदरेपर्यंत ऐकू आली, आणि पाठोपाठ तुरीएवढा काटेरी खडा पडला.

प्राण वाचले, तरी विठोजीरावांनी दडवलेले पत्र माफ केले नाही. वैद्यकी राहिली, सदरेवरचा मान काढून घेतला. शास्त्रीबुवांनी मान खाली घालून तो निवाडा ऐकला आणि फक्त तो कागद मागून घेतला.

उजवा हात उठेना, म्हणून डाव्या हाताने, वाकड्या अक्षरांत त्यांनी त्याच्या पाठीवर एक ओळ लिहिली: 'रोगी मोकळा झाला.' खडा त्यात गुंडाळला, वर हळदीचा दोरा बांधला.

माणकोजीने गोफण गरगरा फिरवली, आणि एकवीस दिवस अडलेले उत्तर हैबतरावाच्या छावणीत जाऊन पडले.