तिसऱ्या मजल्यावरची दोरी

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पण जिच्यासोबत घडली ती आमच्याच घरातली मुलगी आहे आणि तिला थापा मारता येत नाहीत. शाळेत असताना पोट दुखतंय म्हणायची आणि गुडघा धरून बसायची.

शनिवार होता. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं.

अंधार पडला नव्हता. अमावस्याही नव्हती, तिने नंतर कॅलेंडर बघितलं. परदेशातलं एक शहर, चौथा मजला, खिडकीसमोर खुर्ची. भुतंखेतं यायची काही ही वेळ नव्हे.

घरात तिला बारकी म्हणतात, सगळ्या भावंडांत शेवटची म्हणून. उंची पाच फूट नऊ इंच. ती कवळ्या बनवते. म्हणजे दातांच्या लॅबमध्ये बसून साच्यावर गुलाबी मेण चढवायचं आणि त्यात एकेक दात बसवायचा. परदेशातल्या एका लॅबमध्ये अकरा महिने काम शिकायची संधी आली. शिकून यायचं आणि स्वतःची लॅब काढायची, हे तिचं पक्कं ठरलेलं.

बाबांनी एकच अट घातली.

"एकदा जरी 'भीती वाटते' म्हणालीस, तर दुसऱ्या दिवशीचं परतीचं तिकीट. चर्चा नाही."

तेव्हापासून बारकीने तो शब्द तोंडातून काढलाच नाही. विमान धावपट्टीवर पळायला लागलं तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाचा हात घट्ट धरून ती म्हणाली, "मला जरा उत्सुकता वाटतेय."

राहायची जागा मात्र आत्याला विचारून ठरवायची होती. आत्याच्या यजमानांच्या नऊ बदल्या झाल्या, नऊ गावांत तिने घरं शोधली आणि एकदाही फसली नाही. आत्याचा नियम साधा. घर बघायचं नाही, दारं-खिडक्या बघायच्या नाहीत. समोर वाळत घातलेले कपडे बघायचे.

"कपडे खोटं बोलत नाहीत, बारके. माणसं बोलतात."

पहिल्याच रविवारी एजंटने तीन वस्त्या दाखवल्या. पहिली स्टेशनजवळ. खाली दारूचं दुकान, बाहेर दोन माणसं एकमेकांना मिठी मारून भांडत होती. दुसरी इतकी चांगली की तिथे फक्त उभं राहायलाही बारकीला परवडलं नसतं.

तिसरी गल्ली शांत होती. भाडं बेताचं. इंटरनेटवर कुणीतरी पाच तारे देऊन लिहिलं होतं, "शेजाऱ्यांचा अजिबात त्रास नाही."

एजंटने किल्ली तिच्या हातात दिली. "तुम्ही बघून या. मला एक फोन करायचाय." आणि तो खाली गाडीपाशीच थांबला.

चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून बारकीने समोरच्या इमारतीचा फोटो काढला आणि आत्याला पाठवला. दोन मिनिटांत फोन.

"घे," आत्या म्हणाली. "डोळे मिटून घे. रंगीत कपडे उलटे करून वाळत घातलेत, रंग उडू नये म्हणून. नीटनेटकी माणसं आहेत. दुसऱ्या मजल्यावर दुपटी आहेत. दुपटी म्हणजे बाळ, आणि बाळ म्हणजे घरात चोवीस तास कुणीतरी जागं. चोराची काय बिशाद? आणि एकटी कामावर जाणारी बाईही आहे वाटतं कुणीतरी. एप्रन दिसतोय. सोबत होईल तुला."

आत्या एका फोटोत वीस गोष्टी बघते. बारकीने 'हो हो' म्हटलं आणि त्याच दिवशी करारावर सही केली.

पहिले दोन-तीन दिवस छान गेले.

चौथ्या दिवशी तिला जाणवलं की गल्लीत आवाज नाही.

म्हणजे कमी नाही... नाहीच.

समोर पाच मजले भरून कपडे. पण भांडं पडल्याचा आवाज नाही. दार आपटत नाही. कुणी कुणाला हाक मारत नाही. एवढी दुपटी, पण बाळ रडत नाही. बारकीला वाटलं, फार समजूतदार बाळ असेल.

मग तिने कपडे नीट बघायला सुरुवात केली. शेवटी आत्याचीच भाची.

सोमवारी एक निळा शर्ट, दोन टॉवेल, चार दुपटी. मंगळवारी निळा शर्ट, दोन टॉवेल, चार दुपटी. बुधवारीही तेच. त्याच क्रमाने, त्याच चिमट्यांत.

आठ दिवस कडक ऊन होतं. शर्टाच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं.

ती खाली उतरून समोरच्या फरशीवर जाऊन उभी राहिली. वर बघितलं. थेंब सुटताना दिसत होते...

फरशी कोरडी होती.

सगळ्या दोऱ्या अशा भरलेल्या. तिसऱ्या मजल्यावरची एक दोरी मात्र रिकामी. तिच्यावर दोन चिमटे नुसतेच लावलेले.

संध्याकाळचं आणखी वेगळं. सहा-दहाच्या सुमाराला ती गॅसवरच्या दुधाकडे एकदा बघायची, परत खिडकीकडे वळायची, तेवढ्यात सगळे कपडे काढलेले असायचे. पाच मजल्यांचे. एकदम. आमच्या घरात तीन माणसं लागतात एक चादर घडी करायला.

रोज रात्री बाबांचा व्हिडिओ कॉल यायचा.

"कसं चाललंय?"

"मस्त. शेजारी फार शांत आहेत."

"बघ, आत्याने सांगितलं तेच खरं."

दुसऱ्या आठवड्यात लॅबमध्ये तिच्या हातून गरम मेण सांडलं. लॅबने दिलेल्या राखाडी एप्रनवर, खिशाच्या खाली, अगदी दाढेच्या आकाराचा गुलाबी डाग पडला. मेण कापडातून आरपार गेलं. शेजारच्या टेबलावर कवळ्यांना पॉलिश करणारी बाई म्हणाली, "आता हा एप्रन हरवणार नाही. शहरात कुठेही सापडला तरी तुझाच."

त्याच दिवशी बारकीने एजंटला फोन लावला.

"समोरच्या इमारतीत कोण राहतं?"

"कोणी नाही. तीन वर्षं पाणीच तोडलंय तिथलं."

"मग ते कपडे?"



"दिसतात मलाही," तो म्हणाला. "म्हणून तर मी वर येत नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही तीनच प्रश्न विचारले होते. चोऱ्या होतात का, बस कुठे थांबते, गरम पाणी येतं का. तिन्हींची खरी उत्तरं दिली."

बारकीने फोन ठेवला. बॅग भरायला काढली आणि परत ठेवून दिली. कारण बॅग भरली की बाबा विचारणार, का? आणि त्या 'का'चं उत्तर एकच शब्द होता.

मग तिने ठरवलं, एकदा नीट बघायचं. कोण काढतं ते कपडे.

तो हा शनिवार.

सहा वाजताच ती खिडकीसमोर खुर्ची टाकून बसली. दूध तापवलंच नाही. एप्रन मागे दाराच्या खिळ्याला लटकत होता, तो डाग सोडला तर स्वच्छ, कोरडा, इस्त्री केलेला.

सहा-पाच. शर्ट ठिबकतोय.

सहा-आठ. डोळ्यांत पाणी यायला लागलं, तरी तिने पापणी लवू दिली नाही.

सहा-दहा.

टक्...

लाकडी चिमटा उघडून मिटल्यासारखा आवाज. समोरून नाही.

मागून.

तिने वळायचं नाही असं ठरवलं. मग परत आला. टक्...

ती वळली.

खोलीत कोणी नव्हतं. दार आतून बंद. एप्रन खिळ्यालाच होता.

पण तो उलटा केलेला होता. आतली बाजू बाहेर... रंग उडू नये म्हणून.

आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

तिने परत खिडकीकडे बघितलं तेव्हा समोरच्या सगळ्या दोऱ्या रिकाम्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरचे ते दोन चिमटेही नव्हते.

बारकी चपला न घालताच चार मजले उतरली. पॉलिशवाल्या बाईकडे ती रात्र काढली. दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळची ती पहिली जागा घेतली, दारूच्या दुकानावरची. खाली रात्रभर माणसं रडत, गात, एकमेकांच्या आईबापाचा उद्धार करत होती. बारकी इतकी गाढ कधीच झोपली नव्हती.

तिने आत्याला फोन केला. बाबांना नाही.

"आत्या, मला फार उत्सुकता वाटतेय," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

आत्याला सगळं कळलं. तिने मधे एकदाही न बोलता शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आत्याच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं असावं.

"बाबांना सांगू नकोस," बारकी म्हणाली.

"नाही सांगत. थांब जरा." फोनवर काहीतरी चाळल्याचा आवाज. "तू मला तो पहिला फोटो कधी पाठवलास?"

"रविवारी. जागा बघायला गेले तेव्हा."

"कामावर कधी रुजू झालीस?"

"सोमवारी. का?"



"मी तेव्हा म्हटलं नव्हतं का, एकटी कामावर जाणारी बाई आहे म्हणून..."

"आत्या, काय झालं?"

"तिसऱ्या मजल्यावर आहे बघ. राखाडी. उलटा करून वाळत घातलाय." आत्याचा आवाज खाली आला. "खिशाखाली गुलाबी डाग आहे, बारके. दाढेसारखा."

बारकीच्या स्वतःच्या फोनमध्ये तोच फोटो होता. तिने तो मोठा करून बघितला नाही. तसाच पुसून टाकला.

या गोष्टीला आता सात महिने झाले. बारकी अजून तिथेच आहे, अजून चार महिने राहणार आहे. तो एप्रन तिने त्या खोलीतच सोडला. लॅबने नवा दिला, तो ती लॅबमध्येच ठेवते. कपडे खोलीत वाळवते, पंख्याखाली, दार बंद करून. बाबांना अजून वाटतं की जागा बदलली ती बस जवळ पडते म्हणून.

परवा तिने आत्याला नव्या खिडकीतून काढलेला एक फोटो पाठवला. खाली लिहिलं, "बघ, इथे समोर कोणीच कपडे वाळत घालत नाही. निश्चिंत राहा."

तो फोटो आत्याच्या फोनवर येऊन पडलाय.

आत्याने अजून उघडलेला नाही.