चौथी सही

नीलांबरीबाई कुलकर्णी वसमतच्या निवृत्त मुख्याध्यापिका. तीस वर्षं पोरांना 'खरं बोला' म्हणून छड्या मारलेली ही बाई भीमराज खिल्लारेंच्या हिंगोलीतल्या घरी आली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली. पाणी दिलं तर तेही अर्धंच प्यायली.

"मला एक माणूस शोधून द्या," त्या म्हणाल्या. "निनावी पत्र लिहिणारा."

भीमराज टपाल खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. गहाळ पत्रं आणि फोडलेली पाकिटं शोधता शोधता त्यांना माणसं वाचायची खोड लागली. निवृत्तीनंतरही ती जाईना, तेव्हा त्यांनी दारावर 'खासगी चौकशी' अशी पाटी लावून टाकली. बंडू जोशी त्यांचा जोडीदार. डोकं भीमराजांचं आणि स्कूटर बंडूची, असं गल्लीत म्हणत. बंडूला त्याचा राग येत नसे, कारण स्कूटर खरंच त्याची होती.

बाईंनी सांगितलं ते असं. हिंगोली जिल्हा झाला त्याच वर्षी 'उगम' नावाच्या एका परदेशी संस्थेनं इकडं काम सुरू केलं. त्याला आता चार वर्षं झाली. ऑफिस वारंगा फाट्यावर. संस्थेचं इथलं मंडळ चार जणांचं, चौघंही बिनपगारी. अध्यक्ष डोंगरकड्याचे अमृतराव. सचिव स्वतः बाई. सभासद दोन: कळमनुरीचे किशनराव, कोर्टातून निवृत्त झालेले कारकून, आणि बोरखडीच्या जनकाबाई, सुईण. बांधकामाचा ठराव असेल तर चौघंही हजर पाहिजेत आणि चौघांच्याही सह्या पाहिजेत, असा संस्थेचा कडक नियम.

यंदा बाळंतपणाची खोली मंजूर झाली होती. चार वर्षं प्रत्येक बैठकीत जनकाबाई तेवढं एकच मागत आल्या होत्या. त्यांची लेक सुजाता बोरखडीच्या ओढ्याकाठी बैलगाडीत गेली, पोटातल्या लेकरासकट. ओढ्याला पाणी होतं आणि गाडी पलीकडं जाईना. गावोगावची बाळंतपणं करणाऱ्या त्या बाईला स्वतःची लेक वाचवता आली नाही.

"आणि आता हे," म्हणत बाईंनी दोन कागद पुढं केले. एक मुख्य कार्यालयाचं पत्र, दुसरी त्यांच्याकडं गेलेल्या निनावी पत्राची झेरॉक्स.

निनावी पत्र मराठीत टाईप केलेलं होतं. बंडूनं ते मोठ्यानं वाचलं.

"चौदा ऑगस्टच्या बैठकीस चौघं हजर नव्हते, तिघंच होते. डोंगरकड्याचे अध्यक्ष साहेब, सचिव नीलांबरीबाई आणि सभासद किशनराव. सभासद जनकाबाई बोरखडीत बाळंतपणात अडकल्या होत्या. अध्यक्ष साहेबांनी ठराव मांडला, किशनरावांनी अनुमोदन दिले, नीलांबरीबाईंनी लिहून घेतला. जनकाबाईंची सही मागाहून घरी जाऊन घेतली. तरी चौकशी व्हावी."

मुख्य कार्यालयाचं पत्र त्याहून लहान होतं. हे खरं आहे का ते तीस सप्टेंबरच्या आत कळवा, नाहीतर खोलीची मंजुरी रद्द होईल. बस.

भीमराजांनी विचारलं, खरं आहे का? बाईंचा चेहरा उतरला. रजिस्टर जनकाबाईंच्या घरी नेलं होतं, त्या म्हणाल्या, पण ते तर सगळ्याच संस्थांमध्ये चालतं. कुणी आजारी असलं, कुणाकडं लग्न असलं, की रजिस्टर घरोघर फिरतं. आणि खोली तर जनकाबाईंनाच हवी होती. त्यांनी हसत हसत सही केली. ती सहीसुद्धा बाईंनीच त्यांना शिकवलेली.

भीमराजांनी रजिस्टर मागून घेतलं. ठराव मोजून दोन ओळींचा होता: 'बाळंतपणाची खोली डोंगरकडा येथे सडकेलगत बांधण्यात यावी. सर्वानुमते मंजूर.' खाली चार सह्या. चौथी सही मोठ्या अक्षरात, ओळ सोडून वर चढलेली. भीमराजांनी त्या दोन ओळी दोनदा वाचल्या. बंडूला वाटलं, चष्मा बदलायला आला.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले आणि वारंगा फाट्यावर स्कूटरनं मान टाकली. मागचं चाक बसलं होतं. शेजारीच 'अमृत पंक्चर' अशी पाटी होती. मालकानं पाटीवर स्वतःचंच नाव घातलं होतं आणि कामही तो स्वतःच करत होता. माणूस मोठा बोलका. खिळा काढून दाखवला, 'उगम'चं ऑफिस दाखवलं, आणि बंडूला टायर बदला म्हणून चार वेळा बजावलं. बंडूनं चारही वेळा मान हलवली.

ऑफिसात अध्यक्ष अमृतराव वाटच पाहत होते. मोठा शेतकरी, आवाजही मोठा. पत्र लिहिणारा सापडू द्या, मग बघतो, असं ते म्हणाले. जागेचं विचारताच मात्र त्यांचा सूर बदलला. बोरखडीला लाईट दिवसभर टिकत नाही, तिथं नर्स राहणार नाही, डोंगरकड्याला सडक आहे, एस.टी. आहे. माणूस खोटं बोलत नव्हता, हे बंडूच्याही लक्षात आलं.

बाहेरच्या खोलीत प्रेमा परदेशात जायच्या पाकिटांवर तिकिटं चिकटवत बसली होती. ऑफिसची झाडलोट, चहा आणि टपाल, सगळं तिच्याकडं. चौदा ऑगस्टला किती कप चहा केला, असं भीमराजांनी विचारलं.

"तीन," ती म्हणाली. "अध्यक्ष साहेबांचा बिनसाखरेचा, नीलांबरीताईंचा आलं घालून, किशनरावदादांना बशी लागते."

पत्राचं काही ठाऊक नाही म्हणाली. चौथी शिकलेल्या बाईला टाईप कुठलं यायला? घरी कोण कोण, हे भीमराजांनी सहज विचारलं, तेव्हा ती जरा मोकळी झाली. सेवा नावाची लेक, यंदा पहिलीत. जनकामावशीच्या हातावर झालेली. पायाळू होती, मावशी होती म्हणून दोघी वाचल्या. सेवाचे पप्पा इथंच फाट्यावर पंक्चर काढून राहिलेत.

कळमनुरीला किशनरावांच्या ओसरीवर पाऊल टाकताच बंडूनं भीमराजांना कोपरानं ढोसलं. कोपऱ्यात मराठी टाईपरायटर होता. भीमराजांनी परवानगी घेऊन कागद चढवला आणि पाच-सहा कळा दाबल्या. कागद कोराच राहिला. फीत वाळून कडक झाली होती. किशनराव ओशाळून म्हणाले, निवृत्तीपासून हात लावला नाही, पण विकवत नाही. अनुमोदन का दिलं, या प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिलं. अमृतरावांचं म्हणणं पटलं होतं, आणि जनकाबाईंना बाईंनी विचारलं असेल असं वाटलं.

बोरखडीला जायला ओढा चालत ओलांडावा लागला. बंडूची चप्पल वाहून जाता जाता राहिली. जनकाबाईंनी दोघांना चहा पाजला आणि हाताला धरून शाळेमागं नेलं. साफ केलेल्या जमिनीवर चुन्याची फक्की मारून एक चौकोन आखलेला होता.

"हितं खाट," त्या म्हणाल्या. "हितं गरम पान्याचं. दार हिकडून ठिवायचं, म्हंजी गाडी पार दारापोत येईल. नीलांबरीबाई सोता रजिस्टर घेऊन आल्या सहीला. खोलीचा ठराव झाला म्हनल्या. लई चांगली बाई."

चौकोनाच्या कडेनं सावकाश चालत एक फेरी मारून भीमराज परत आले.

परतीच्या वाटेवर बंडूनं निकाल लावून टाकला. पत्रात सगळ्यांची नावं आहेत, फक्त एकाचं नाही. अमृतरावांचं. म्हणजे लिहिणारा तोच. आपलं नाव लपवतोय.

"अर्धं बरोबर आहे," भीमराज म्हणाले. बंडूला उरलेलं अर्धं हिंगोली येईपर्यंत सापडलं नाही.

सत्तावीस सप्टेंबरला भीमराजांनी फाट्यावरच्या ऑफिसात सगळ्यांना बोलावून घेतलं. मंडळातले चौघं टेबलाशी, बंडू खिडकीशी, प्रेमा चहाचा ट्रे घेऊन दारात. आधी त्यांनी अमृतरावांकडून शब्द घेतला, की पत्र लिहिणाऱ्याला कसलीही तकलीफ होणार नाही. अमृतरावांनी कुरकुरत दिला. मराठवाड्यातला माणूस, एकदा दिलेला शब्द फिरवणार नव्हता.

मग भीमराज बोलायला लागले. तिघंच होते हे ठाऊक असणारी माणसं मोजकी. ते तिघं, स्वतः जनकाबाई, आणि चहा करणारी. किशनरावांचं मशीन वर्षानुवर्षं बंद. तरी त्यांनी दुसरीकडून टाईप करून घेतलं म्हणावं, तर ज्या ठरावाला स्वतः अनुमोदन दिलं तो ते कशाला पाडतील? अमृतरावांचंही तेच, खोली त्यांच्याच गावाला चालली होती. आणि लिहिणारा शोधायला तर नीलांबरीबाईंनीच सांगितलं होतं.

"आणि जनकाबाई?" बंडूनं विचारलं.

"खोली कुठं होणार हेच त्यांना ठाऊक नाही. तक्रार कशाची करतील?"

जनकाबाईंनी सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. भीमराजांनी त्यांच्याकडं न बघता पुढं बोलायचं ठरवलं, कारण बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

टाईपचं कोडं सोपं होतं, ते म्हणाले. कळमनुरीत टायपिंगचे दोन क्लास आहेत. कुणीही जाऊन तोंडी सांगावं, मास्तर 'चौकशी व्हावी' घालून टाईप करून देतात. भाषा मास्तरांची. नावं मात्र सांगणाऱ्याची. सचिवांचं नाव घातलं, सभासदांची घातली, अध्यक्षांचं एकदाही नाही. नाव कोण टाळतं? एक तर ते ज्याचं आहे तो. किंवा मग जुन्या वळणाची बाई, जिच्या नवऱ्याचं नाव तेच आहे. ती ते नाव दुसऱ्या माणसासाठीसुद्धा तोंडातून काढत नाही.

बंडूनं खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर फाट्यावर पाटी दिसत होती. "अमृत पंक्चर," तो हळूच म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याला भीमराजांच्या आधी बोलता आलं.

"आणि परदेशी पत्ता रोज जिच्या हाताखालून जातो, ती एकच," भीमराज म्हणाले.

प्रेमानं ट्रे खाली ठेवला.

"व्हय, मीच सांगून लिव्हून घेतलं. मावशी फोनवर मला खोलीचं सांगून राहिल्या व्हत्या, चुना मारला म्हनून. मी बैठकीत चहा देताना डोंगरकडा ऐकलं व्हतं. मला मावशीला सांगवंना. मग काय करू?"

"पण मी तुम्हाला फक्त लिहिणारा शोधायला सांगितलं होतं," नीलांबरीबाई कशाबशा म्हणाल्या.

"बाई, मुख्य कार्यालयानं विचारलं होतं हे खरं आहे का. कुणी लिहिलं हे तुम्हीच विचारलंत. त्या दिवशी तुम्ही रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं तेव्हाच मला वाटलं, ह्यांना लिहिणारा नको आहे, कुणीतरी आपल्याला पकडावं असं वाटतंय."

बाईंनी चष्मा काढला. "सहीला आले त्या दिवशी ओढ्याकाठी जीप थांबली होती," त्या जनकाबाईंना म्हणाल्या. "जागा सांगायची राहिली म्हणून मी स्वतःला समजावत आले. राहिली नाही, जनकाबाई. मी टाळली. तुमच्या तोंडाकडं बघून सांगवलं नाही. मी तुम्हाला सही शिकवली. वाचायला शिकवलं नाही."

जनकाबाई रडल्या नाहीत. अमृतरावांनी घसा साफ केला आणि सडक, लाईट, नर्स, सगळं पुन्हा सांगितलं, ह्या वेळी हळू आवाजात. जनकाबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमी म्हनता ते बराबर हाये, अध्यक्ष साहेब. पर सडकंवरल्या बाईला सडक हाये. तिला गाडी भेटंल, नांदेड भेटंल. वढ्यापल्याडच्या बाईला कायबी न्हाई. तिच्यासाठी मागितली व्हती आमी खोली. आमच्या सुजाताच्या नावानं न्हाई, पुढल्या बाईसाठी."

पहिला हात किशनरावांनी वर केला. नीलांबरीबाईंचा त्याच्या मागोमाग गेला. अमृतराव टेबलाकडं बघत बसले होते. मग त्यांनी खिशातून पेन काढून जनकाबाईंपुढं ठेवलं आणि म्हणाले, नर्स राहायला तयार झाली नाही तर तिची व्यवस्था माझ्या घरी, रोजची ने-आण माझ्या जीपनं. आणि त्यांनीही हात वर केला.

जुना ठराव रद्द झाला. मुख्य कार्यालयाला काय कळवायचं ते बाईंनी तिथंच लिहिलं: पत्र खरं आहे, चूक सचिवाची आहे, आज चौघांनी समोरासमोर बसून नवा ठराव केला आहे, तो सोबत. मग नवा ठराव रजिस्टरात उतरला. तिघांच्या सह्या झाल्या आणि रजिस्टर जनकाबाईंपुढं सरकलं.

त्यांनी पेन उचललं नाही.

"आदी वाचा, बाई."

नीलांबरीबाईंनी वाचलं. मधे थांबल्या, पाणी प्यायल्या आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचलं.

"बोरखडी म्हनलात नं? कुठं लिव्हलंय ते दावा."

बाईंनी त्यांचं बोट हातात धरून त्या शब्दावर ठेवलं. जनकाबाईंनी वाकून एकेक अक्षर पाहिलं. बोट पुढं नेलं, मागं आणलं, पुन्हा पुढं नेलं. घाई कुणीच केली नाही, अमृतरावांनीसुद्धा. सगळं बघून झाल्यावर त्यांनी पेन उचललं आणि सही केली.