कोमट खोकं

प्रसूतिकक्षात तिला सगळे 'खोकेवाली' म्हणायचे. होती ती डॉक्टर. पण बाळंतपणानंतर रक्त थांबेनासं झालं, तर दोन इंजेक्शनांपैकी सरस कोणतं, या अभ्यासाचं काम तिच्याकडे होतं आणि तिच्या हातात सदा पांढरी खोकी असत. सगळी एकसारखी, वर फक्त क्रमांक. कुठल्यात कोणतं औषध, हे ना आईला ठाऊक, ना डॉक्टरला. रक्त वाहू लागलं की फ्रिजमधलं रांगेतलं पुढचं खोकं उचलायचं. निवडायचं नाही, हाच या कामाचा धर्म. नर्सबाई त्याला आंधळी कोशिंबीर म्हणत आणि खोकेवालीही त्यावर मनापासून हसायची.

एका सकाळी फ्रिजमधून काढलेलं खोकं कोमट लागलं. शेजारची थंडगार होती. हे मात्र कुणीतरी नुकतंच मुठीतून खाली ठेवल्यासारखं. इंजेक्शन दिलं, रक्त चटकन थांबलं. दुसऱ्या दिवशी ती बाई बाळाला पाजता पाजता सहज म्हणाली, "आणि दुसऱ्याला कुठं नेलंत?"

दुसरं नव्हतंच. सोनोग्राफीत एक दिसलं होतं, जन्मलंही एकच. थकव्याने होतं असं, म्हणून खोकेवालीने सोडून दिलं. पण पुढचं कोमट खोकं जिच्या वाट्याला आलं, तिनेही तेच विचारलं. मग तिसरीनेही. रड नाही, भांडण नाही, नुसत्या दाराकडे बघत राहायच्या. पहिलीचा नवरा पुढे तिला घेऊन दाखवायला आला. "पोरीकडे ढुंकून बघत नाही हो," तो म्हणाला. "दार लावू देत नाही. दुसरं येईल म्हणते."

खोकेवालीने विभागाच्या मॅडमना गाठलं.

"रक्त थांबलं ना?"

"थांबलं."

"मग?" मॅडमनी चष्मा पुसला. "खोकं कोमट लागलं, असं अहवालात लिहू? लोक हसतील आपल्याला."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! तिची झोप उडाली होती, कारण तिच्या धाकट्या बहिणीचे दिवस भरत आले होते. धाकटीचं नाव याच रुग्णालयात नोंदवलेलं होतं आणि अभ्यासाला तिने हौसेने संमती दिली होती.

"अभ्यासातून नाव मागे घे," खोकेवाली तिला म्हणाली.

"अगं ताई, तूच म्हणालीस ना, दोन्ही औषधं चांगली?"

खरं सांगायला जीभ रेटेना. "माझ्यासाठी घे."

"बरं बाई, घेतलं. खूश?"

आता धाकटीला कक्षातलं नेहमीचं औषध मिळणार होतं. खोकेवालीला जरा हायसं वाटलं.

धाकटीला भर दुपारी मुलगी झाली. ठणठणीत, घसा फोडून रडणारी. आणि मग रक्त थांबेना.

"औषध द्या!" नर्सबाई ओरडल्या.

खोकेवालीने कक्षाचा फ्रिज उघडला. आतल्या गारव्याने बोटं आखडली. तिने नेहमीच्या औषधाची कुपी उचलली.

कोमट होती.

तिने दुसरी उचलली, तिसरी उचलली. सगळ्या कोमट. धावत जाऊन तिने अभ्यासाचा फ्रिज उघडला. एकेका खोक्यावर हात ठेवत गेली. एकही थंड नव्हतं.

"डॉक्टर, लवकर! ती पांढरी पडतेय!"

ताई असून ती काय करू शकत होती? हातात होती ती कुपी तिने फोडली.

रक्त थांबलं.

सकाळी ती धाकटीच्या खोलीबाहेर कितीतरी वेळ घुटमळली. शेवटी मन घट्ट करून आत गेली. धाकटी बाळाला पाजत होती, त्याच्या इवल्या बोटांशी खेळत होती. दाराकडे तिने पाहिलंही नाही.

"नाक अगदी तुझ्यावर गेलंय गं," धाकटी हसली.

खोकेवाली वाट बघत राहिली. प्रश्न आलाच नाही. तिच्या जिवात जीव आला, डोळे भरून आले. ती पलंगावर टेकायला गेली.

"तिथं नको, ताई," धाकटी हळूच म्हणाली.

तेव्हा खोकेवालीच्या लक्षात आलं, की धाकटी आणि बाळ पलंगाच्या अगदी एका कडेला सरकली आहेत. दुसऱ्या बाजूला जागा रिकामी होती. त्यावर पांघरूण नीट सारखं केलेलं होतं.

तिने पांघरुणाखाली हात घातला.

चादर कोमट होती.