बिनबांगड्यांची भाकरी

टोपल्यावरचं फडकं रेणुकानं उचललं, तर... वरची भाकरी तिच्या हातची नव्हती!

पहाटे ड्युटीला निघण्याआधी थापून ठेवलेल्या आपल्या भाकरी तिनं हजारांत ओळखल्या असत्या. ही मात्र जाड, एका अंगानं फाटलेली, आणि अजून कोमट! तिकीट मशीनची बॅग खांद्यावर तशीच लोंबकळत राहिली. परभणी-जिंतूर गाडीत फुकट्या प्रवाशाला नुसत्या नजरेनं हुडकून काढणारी ही कंडक्टर, आज त्याच नजरेनं स्वतःच्या स्वयंपाकघराकडं बघत होती.

"अहो, ही भाकरी कुणी केली?"

"असंल... सकाळचीच," म्हणत नवरा, भागवत, झटक्यात अंगणात गेला. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या बाहीवर ग्रीसचे डाग असावेत. भागवतच्या बाहीवर पीठ होतं!

विचारावं तर कुणाला? सासरे दिनकरराव तिच्याशी बोलत नव्हते. तिनं खाकी चढवली त्याच दिवशी पिंगळीच्या पारावर, सगळ्या गावादेखत, मिशीला पीळ देऊन त्यांनी आण घेतली होती, "दुपारी सुनेनं गरम भाकरी वाढल्याबिगर तिच्याशी बोलनार न्हाई!" तेव्हापासून ती समोर उभी असली, तरी ते नातीलाच सांगत, "सृष्टे, तुझ्या आईला विचार, माझा चष्मा कुठं हाय." तो अबोला रेणुका रोज विषासारखा पचवायची आणि हसतमुखानं गाडीत चढायची...

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सरजाबाईनं भिंतीवरून मान काढली.

"रेणुका, सांगू का नको... तू गेलीस की दुपारी तुझ्या घरात कुनीतरी भाकरी थापायलंय. थाप लय जोरात येती. पर बांगड्या वाजत न्हाईत, बाई! बिनबांगड्यांचा हात हाय."

बिनबांगड्यांचा हात म्हणजे विधवा बाई. यापलीकडं गल्लीची अक्कल गेलीच नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीनं त्या बाईला पोखर्णीचं माहेर दिलं, घारे डोळे दिले, आणि तिच्या थापेनं दचकून पिंगळी स्टेशनातली मालगाडी सिग्नल नसताना निघाली, हे तर दोघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं!

रेणुकाचं मन मात्र संशयाच्या वणव्यात होरपळत होतं. एका घंटीला गाडी थांबते, दोन घंट्यांना निघते. त्या दिवशी तिचा हात सारखा एकाच घंटीवर अडकत होता आणि भरलेली गाडी मुकाट उभी राहत होती. दिवसभर परक्यांना जागा करून देता देता आपल्याच घरातली आपली जागा गेली का?... देवा!

"मी नोकरी सोडते," घरी येताच ती म्हणाली. डोळ्यांना धार लागली होती. "पण माझी चूल मला परत द्या!"

भागवत पांढराफटक पडला. "असं करू नको गं... मला बोलता येत न्हाई. दादांनी शपथ घातलीय."

म्हणजे सासरेही सामील!

पुढच्या दिवशी तिनं ड्युटी बदलून घेतली आणि भर दुपारी मागच्या दारानं आली. आत थाप... थाप... थाप! बांगड्यांची किणकिण नाही. भिंतीवर सरजाबाईसकट अर्धी गल्ली. रेणुकानं दार लोटलं...

काठवटीपुढं दिनकरराव बसले होते! मिशा पिठानं माखलेल्या, कपाळावर घाम. पिठाचा डबा धरून भागवत. आणि सृष्टी धाक दाखवत होती, "आबा, कड फाटायलीय, पानी लावा!"

म्हाताऱ्यानं सवयीनं नातीकडं पाहिलं.

"सृष्टे, तुझ्या आईला सांग..." त्यांनी पिठाचे हात झटकले. "सांग की, तू साळंतून आलीस, गार भाकरी खाताना रडलीस. मी म्हनलं, बघ तुझी आई! तर तू म्हनलीस, आई कामाला जाती, आबा... तुमी तर घरीच असता की!"

"मग लपवलं कशाला, मामा?" रेणुकाला हुंदका आवरेना. "मी तुमच्या लेकावर संशय घेतला! खाकी उतरवायला निघाले होते मी..."

"खाकी उतरवायची न्हाई!" दिनकरराव थेट तिच्याकडं बघून गरजले. "पारावर पीळ दिलेली मिशी पिठात घालायची लाज वाटली, म्हनून लपवलं. चूक माझी हाय, रेणुका."

"आबा, आण मोडली!" सृष्टी किंचाळली.

"मोडू दे."

भिंतीवरून गल्लीतला चंद्रभान खिदळला, "काय दिनकरराव, बांगड्या भरल्या काय हातात?"

"भरायच्या ऱ्हायल्या, म्हनून तर गाव फसलं!"

सगळी भिंत हसली. रेणुका पाया पडायला वाकली, तर त्यांनी पाय मागं घेतले आणि ताटात एक वाकडी, जाड, वाफाळती भाकरी वाढली. तिनं पहिला घास घेतला. डोळ्यांतलं पाणी भाकरीवर पडत होतं, आणि ती हसत होती.

"तुझी गाडी किती वाजता हाय?"

"आता निघायला पाहिजे, मामा. चारठाणा गावची फेरी आहे."

रेणुका उंबऱ्याशी पोहोचली आणि थांबली. तिनं मागं वळून पाहिलं. दिनकररावांनी उलथणं उचललं, आणि तव्यावर दोनदा हाणलं...

टण्! टण्!