ओल्या हाताची चिमूट

"तंजिला आपा कोण?"

ढाक्यात आमच्या कॉलेजच्या फाटकाशी मी झालमुडीचा, तिखट मुरमुऱ्यांचा, पुडा घेऊन उभी होते. समोर पांढरा अ‍ॅप्रन घातलेला, धापा टाकणारा मुलगा... फार्मसीचा, माझ्यासारखाच पहिल्या वर्षाचा.

"मीच. का?"

"तुमच्या सरबतात मीठ दुप्पट आहे."

सरबत म्हणजे जुलाब झालेल्या लेकराला द्यायचं मीठ-गुळाचं पाणी. आम्ही सार्वजनिक आरोग्यवाल्यांनी गावात जाऊन ते आयांना करून दाखवायचं आणि त्यातला नमुना फार्मसीवाल्यांनी तपासायचा, असं दोघांचं मिळून पहिलं प्रात्यक्षिक. आदल्या दिवशी मी नदीपलीकडच्या गावात मोर्जिना आपाच्या घरी गेले होते. तिची दीड वर्षाची झुमकी जुलाबांनी मलूल पडली होती.

"दुप्पट? तीन बोटांची चिमूट, पहिल्या पेरापर्यंत... अगदी तश्शीच घेतली होती!"

"हात धुतले होते?"

"म्हणजे काय! साबणाने."

"पुसले?"

पुडा हातातून गळाला. ओल्या बोटांना मीठ जास्त चिकटतं, हे पुस्तकात नव्हतं हो... आणि उरलेलं भांडंभर पाणी मी झुमकीच्या उशाशी ठेवून आले होते! कालपासून ती तेच पीत असणार.

"मिठाचा आकडा वहीत नंतर भरतो," तो म्हणाला. "आधी गाव गाठू."

बसमध्ये नाव कळलं – इश्तियाक. पुढे नदीवर होडीत बसलो. जास्त मिठाने लेकराला झटके येतात, हे त्याच आठवड्यात घोकलेलं. "तिला काही झालं तर?" मी दहादा विचारलं. दहाही वेळा तो "पोचतोय" एवढंच म्हणाला. खोटा धीर दिला नाही, म्हणूनच बहुधा मी त्याची बाही धरली. त्याने ती सोडवली नाही.

मोर्जिना आपा दारात गूळ फोडत होती.

"झुमकी कुठाय?" मी लांबूनच ओरडले.

"कोंबड्यांमागे हुंदडतेय. काय गं पोरी, काल किती खारट केलं होतंस! तूच म्हणालीस ना, आधी आईनं चाखायचं, आसवांहून खारट लागलं तर ओतून द्यायचं? दिलं ओतून. मग मीच केलं परत."

मी तिथेच भोकाड पसरलं. लाज वाटली नाही.

परतताना होडीत इश्तियाकने वही काढली. "नापास लिहावं लागेल हं. पुढच्या आठवड्यात पुन्हा यावं लागेल तुम्हाला."

"येईन एकटी."

"मीही येतो."

"तुमचं काय काम?"

"काहीच नाही." त्याने बसायची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, चेहरा पांढराफटक. "मला पोहता येत नाही, तंजिला. होडीत आज पहिल्यांदाच बसलो. जीव नुसता मुठीत आहे..."

"मग पुढच्या आठवड्यात?"

"तेव्हाही असेल. तरी येईन." तो थांबला. "तुम्ही... आवडता मला."

पुढच्या आठवड्याची फेरी एकदम हवीहवीशी वाटली. मी त्याच्याकडून वही ओढून घेतली आणि माझ्या नावापुढे स्वतःच्या हाताने, ठसठशीत अक्षरात लिहिलं – नापास.