मागे नेणारा बाण

"मावशी लॉगआउट करूनच उठली. मी पाहिलंय," टिकली पुटपुटली. "मग तिचा फोटो परत आला कुठून?"

तिचा मित्र, चश्मिस पिंगळा, पडद्याकडे पाहतच राहिला. सुट्टी लागल्यापासून दोघं रोज वाचनालयात यायची. आत्ता कॉम्प्युटरवरून उठून गेली ती त्यांच्याच इमारतीत वर राहणारी शिवणवाली मावशी. नवऱ्याच्या मारापासून जीव वाचवून ती छोटीला घेऊन इथे आली होती. तो माग काढेल म्हणून मोबाइलही मागेच टाकला होता. मदत करणाऱ्या संस्थेशी ती इथूनच बोलायची.

तिच्या जागी आता टोपीवाला बसला होता. हा माणूस रोज यायचा. टाइप काहीच करायचा नाही, कोणी उठलं की बसून नुसता मागे जायचा बाण दाबायचा. पडद्यावर मावशीचा फोटो, छोटीचा फोटो, खाली पत्ता. त्याने मोबाइलने पडद्याचा फोटो काढला आणि निघून गेला.

टिकली कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या काकांकडे धावली.

"लॉगआउट केलं की विषय संपला," काका मान वर न करता म्हणाले. "उगाच काहीतरी पिल्लू सोडू नका."

"मग तुमचा मेल उघडून लॉगआउट करा, काका," पिंगळा म्हणाला. "मी फक्त बाण दाबतो."

काकांनी हसत हसत तसं केलं. पिंगळ्याने बाण दाबला. काकांचं खासगी पत्र जसंच्या तसं समोर!

"पान लवकर दिसावं म्हणून ब्राउझर त्याची प्रत इथेच ठेवतो," पिंगळा म्हणाला. "ठेवू नकोस असं त्या वेबसाइटने त्याला सांगितलेलं नाही. आणि तुम्ही ती कधी पुसली नाहीत."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पोलिसांना फोन लावला. टिकली तोवर घराकडे सुटली होती.

मावशीला आणि छोटीला तिने आपल्या घरात घेतलं. आईने आतून कडी लावली. टिकली जिन्यात उभी राहिली, तोच टोपीवाला आला. सोबत हातात लोखंडी कांब घेतलेला एक माणूस.

"वरची बाई कुठंय?"

टिकलीने रस्त्याकडे बोट दाखवलं. "ती? सामान घेऊन बसस्टँडकडे गेली, आत्ताच."

दोघं तिकडे वळले. पिंगळ्याने पोलिसांना वर्णन सांगितलंच होतं, कोपऱ्यावरच त्यांना धरलं.

"ही तिच्या नवऱ्यानेच पाठवलेली माणसं. तुम्ही दोघांनी आज दोन जीव वाचवले," पोलीसबाई म्हणाल्या. काकांनी मान खाली घालून मावशीची माफी मागितली आणि ते वाचनालयातले सगळे कॉम्प्युटर बंद करायला गेले.

पण पत्ता फुटला तो फुटलाच. संध्याकाळी संस्थेची गाडी आली. छोटी टिकलीच्या गळ्यात पडली.

"ताई, आम्ही ना आता..."

टिकलीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"नको. मलासुद्धा सांगू नकोस."